टॅपेटचा आवाज

धारवाडहून केलगेरीच्या तळ्याकडं उतरताना डाव्या हाताला आनंदाचं गॅरेज लागतं. पुढं पत्र्याची शेड, मागं दोन खोल्यांचं घर. चोवीस वर्षं तो स्कूटरी दुरुस्त करतो आहे. त्यातली बावीस वर्षं लोक येऊन "मेस्त्री हायत का?" म्हणून विचारायचे. मागली दोन वर्षं गाडी स्टँडवर लागायच्या आधीच विचारायला लागले, "अक्का हायत का घरात?"

अक्का म्हणजे त्याची बायको, कुसुम.

यात दोष कुणाचा असेल तर आनंदाचाच. दोन वर्षांपूर्वी एका दूधवाल्याची स्कूटर आली होती. इंजिनात आवाज होता. आनंदानं वरचं हेड दोनदा उघडलं, टॅपेट बसवलं, चेन बदलली, तरी आवाज जाईना. तिसऱ्या दिवशी कुसुम चहा घेऊन आली, कप हातात तसाच धरून उभी राहिली आणि म्हणाली, "वरनं न्हवं वो, खालनं येतोय. आमच्या गिरणीचं बेरिंग गेलं की असंच कण्हायचं."

कुसुम अळणावरची. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी होती आणि ती त्या घरघरीतच लहानाची मोठी झाली. वर ज्वारी पडली की गहू, हे ती मागच्या खोलीत बसून सांगायची. दगड गुळगुळीत झाले, टाकी घालायला हवी, हे बापाच्या आधी तिला कळायचं. आनंदाला हे ठाऊक होतं, पण गिरणी वेगळी आणि इंजिन वेगळं. तो हसला. मग हसतहसतच त्यानं इंजिन खालून उघडलं, तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड बेरिंगात सैल होऊन बोटानं हलत होता.

त्या दिवशी त्याला बायकोचं इतकं कौतुक वाटलं, की येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यानंच सांगितलं. "आमच्या बायकोला इंजिनाच्या पोटातलं कळतंय बगा." लोक हसले. मग लोक तिला ऐकायला सांगू लागले आणि हसायचं थांबले.

स्कूटरचं दुखणं वरचं की खालचं, यावर सगळं असतं. वरचा आवाज झडपा उघडणाऱ्या टॅपेटचा. बारीक, कोरडी टिकटिक, शिलाई मशीन चालल्यासारखी. त्यानं काही बिघडत नाही, अर्ध्या तासात बसतं. खालचा ठोका जड असतो, पोटातून येतो आणि एक्सलेटर पिळला की वाढतो. तो रॉडचा. त्यावर गाडी चालवली तर इंजिन कधी आणि कुठं जाम होईल याचा नेम नसतो. आनंदाही ओळखायचा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि दहात आठदा बरोबर सांगायचा. कुसुम दहात दहादा सांगायची.

सुरुवातीला त्याला वाटलं, पित्त झालंय. जेवताना घास उतरेना. कॉलेजातल्या एका बाईंनी पेढ्यांचा पुडा आणला तो कुसुमच्या हातात दिला. आनंदाचे हात काळे होते हे खरं, पण ते त्यांच्याच गाडीनं काळे झाले होते. कुणी पेरू आणायचं, कुणी अबोलीचा गजरा. कुसुम गजरा माळून भाकऱ्या थापत बसली की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाहेरच्या पुरुषाचा हेवा करता येतो, त्याला शिवी देता येते. एका ताटात जेवणाऱ्या बायकोचा हेवा माणसानं करायचा कसा आणि सांगायचा कुणाला? म्हणून मग तो भाजीत मीठ जास्त झालंय म्हणायचा.

यंदा पावसानं नवरात्र आलं तरी पाठ सोडली नव्हती. गाड्यांच्या एअर फिल्टरात पाणी, ब्रेकमध्ये चिखल, आणि शेडच्या तिन्ही कडांनी ठिबक. आनंदाची कंबर वाकून वाकून धरली होती. खंडेनवमीला मात्र उघडीप मिळाली. दोघांनी सकाळपासून हत्यारं रॉकेलनं धुतली. पाने, पक्कड, हातोडी, मोठा-लहान स्क्रू ड्रायव्हर, सगळं पुसून फळीवर ओळीनं मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. देवळातले बाळाचार्य येऊन पूजा सांगून गेले. दारात कुंकू भरलेला कोहळा फोडला. एकदा मांडलेलं हत्यार दसऱ्याची आरती झाल्याशिवाय उचलायचं नाही, असं आनंदाच्या उस्तादानं सांगितलं होतं, आणि चोवीस वर्षांत त्यानं एकदाही उचललं नव्हतं.

दुपारी दीपश्री आली. मुकुंदराव म्हणून एक निवृत्त मास्तर माळमड्डीत राहतात, त्यांची ही धाकटी. कलघटगीच्या सरकारी दवाखान्यात नर्स. रोज स्कूटरवरून जायची आणि यायची.

"मेस्त्री, उद्या दसऱ्यादिवशीच माझी सकाळची ड्यूटी आहे," ती म्हणाली. "आणि ही बघा कालपासून ठोकायला लागलीय. अक्का कुठं आहेत? त्यांना जरा ऐकायला सांगा की."

"हत्यारं पूजेत हायत," आनंदा म्हणाला.

"उघडू नका हो. नुसतं ऐकायचंच तर आहे. अक्कांना कुठं हत्यार लागतं?"

असं म्हणून ती हळदीकुंकवाला शेजारच्या गल्लीत मैत्रिणीकडं निघून गेली. वाईट बोलायचं तिच्या मनातही नव्हतं. पण आनंदा फळीवर मांडलेल्या हत्यारांकडं बघत राहिला.

कुसुम आतून आली ती हातात फुंकणी घेऊनच. न्हाणीतल्या चुलीशी असते ती लोखंडी फुंकणी. स्क्रू ड्रायव्हरला हात लावायचा नाही म्हणून तिनं ही शक्कल काढली होती. पदर कमरेला खोचून ती उकिडवी बसली. आनंदानं बटण दाबून गाडी चालू केली. तिनं फुंकणीचं एक टोक इंजिनाच्या वरच्या अंगाला टेकवलं, दुसरं कानाला लावलं. मग खाली सरकवलं. मग म्हणाली, "पिळा जरा."

त्यानं एक्सलेटर पिळला.

"सोडा. परत पिळा." तिनं डोळे उघडले. "खालनं हाय वो. रॉडच. पोरीला गाडी देऊ नगासा. बसनं जाऊ दे उद्या."

"टॅपेट हाय," आनंदा म्हणाला.

"अवो, पिळल्यावर वाढतंय की."

"चोवीस वर्सं मी काय गाढवं राखलो काय? टॅपेट हाय म्हटल्यावर टॅपेट हाय. गिरणीतलं इथं सांगू नगंस."

कुसुमनं त्याच्याकडं एकदा बघितलं. "तुमाला तसं वाटत असंल तर तसं," ती म्हणाली आणि आत गेली. आत तव्यावर पुरणाची होळगी फुगत होती.

ती गेल्यावर आनंदानं फुंकणी उचलली. कानाला लावली. ठक. ठक. ठक. जड, पोटातून. लहान पोरालाही कळला असता. त्यानं गाडी बंद केली. तेलात बुडणारी पट्टी हातानंच फिरवून निघते, तिला पाना लागत नाही. ती काढून त्यानं डाव्या तळहातावर पुसली आणि हात उन्हात धरला. काळ्या तेलात बारीक चकाकी होती. आत धातू झिजून तेलात उतरत होता. यापुढं सांगायचं काही राहिलं नव्हतं. कुसुमचं शंभर टक्के बरोबर होतं.

त्यानं तळहात पँटीला पुसला आणि पट्टी परत जागेवर फिरवून बसवली.

दीपश्री आली तेव्हा कुसुम आत नैवेद्याचं ताट वाढत होती. "काय म्हणाल्या अक्का?" दीपश्रीनं विचारलं.

"टॅपेट हाय," आनंदा म्हणाला. "घाबरायचं कारण न्हाई. दसरा झाल्यावर आण, बसवून देतो."

"बरं झालं बाई," असं म्हणून तिनं गाडीच्या आरशाला झेंडूचं फूल अडकवलं आणि गेली. चढावर गाडीचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता. आनंदा शेडमध्ये उभा राहून तो ऐकत होता. तिला हाक मारायची असं त्याला वाटलं. पण हाक मारली तर काय सांगायचं? बायको म्हणते ते बरोबर आहे, हेच सांगावं लागणार होतं. तोवर आवाज वळणापलीकडं गेला.

"काय सांगितलंत तिला?" कुसुमनं आतून विचारलं.

"हळू चालव म्हटलं," तो म्हणाला. तेवढंही तो म्हणाला नव्हता.

दसऱ्याच्या संध्याकाळी आमच्याकडं बन्नीची पानं वाटतात. शमीची पानं एकमेकांच्या हातात द्यायची आणि सोन्यासारखं राहूया म्हणायचं. शेडमध्ये पाच-सहा गिऱ्हाइकं जमली होती, बाळाचार्य होते, कुसुम सगळ्यांना फराळ देत होती. तेवढ्यात मुकुंदराव रिक्षातून उतरले. आनंदा पानं घेऊन पुढं झाला. मुकुंदरावांनी हात पुढं केला नाही. आनंदाचा हात तसाच हवेत राहिला.

"दीपश्री पडली," मुकुंदराव म्हणाले. "कलघटगीच्या अलीकडं उतारावर. इंजिन एकदम जाम झालं आणि मागचं चाक अडकलं. हाताची दोन्ही हाडं मोडलीत, उद्या ऑपरेशन आहे. मागून ट्रक येत होता. ट्रकवाला सज्जन म्हणून पोरगी आहे आज."

बाळाचार्यांच्या हातातला लाडू हातातच राहिला.

"मी भांडायला नाही आलो, आनंदा. मला एवढंच सांगा. काल ती गाडी तुमच्याकडं दाखवून गेली होती. अक्कांनी ऐकलं होतं ना? मग तिला चालव म्हणून कुणी सांगितलं?"

आनंदानं फळीचा आधार घेतला. सगळे त्याच्याकडं बघत होते. त्याच्या ओठांतून आवाज फुटायच्या आत कुसुम पुढं आली. हातातलं ताट तिनं खाली ठेवलं.

"मीच सांगितलं," ती म्हणाली. "टॅपेटचा आवाज हाय म्हणून मीच म्हणाले. त्यांनी माजं ऐकून तुमच्या पोरीला सांगितलं. चूक माजी हाय मास्तर."

आनंदानं मान वर केली. आता बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की ही खोटं सांगते आहे. त्यानं श्वास घेतला आणि तो श्वास तसाच सोडून दिला.

मुकुंदराव कुसुमकडं बघत राहिले. "तुमच्यावर फार विश्वास होता हो पोरीचा," ते म्हणाले आणि रिक्षात बसले.

बाळाचार्य जाताना आनंदाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे मारायाऽ, बायकांच्या कानावर इंजिन सोपवतोस? तू एवढा जुना मेस्त्री. आता तरी शहाणा हो."

रात्री अंथरुणावर पडल्यावर आनंदानं विचारलं, "कशाला केलंस तसं?"

"पाटीवर नाव तुमचं हाय," कुसुम म्हणाली. "चूक कुणाची होत न्हाई? माजी झाली म्हटलं तर लोक हसतील आणि इसरतील. तुमची झाली म्हटलं तर गॅरेज बसंल." आणि ती कुशीवर वळली.

दुसऱ्या दिवशी टेंपोतून स्कूटर आली. आनंदानं एकट्यानं इंजिन उघडलं. रॉडचं खालचं टोक तापून निळंकाळं पडलं होतं, बेरिंगचे तुकडे तेलाच्या चिखलात विखुरले होते, पिस्टनला उभे ओरखडे होते. कुसुम बघायला आली नाही. त्यानं हाक मारली तेव्हा ती म्हणाली, "मी काय करू येऊन?"

आणि खरं सांगायचं तर पुढचे चार-पाच दिवस आनंदा सुखात होता. लाज वाटावी असं सुख होतं ते, आणि लाज वाटतही होती, पण घास उतरायला लागला होता. केलगेरीत बातमी पसरली. गिऱ्हाईक यायचं, गाडी लावायचं आणि "मेस्त्री हायत का?" म्हणून विचारायचं. एकजण तर मुद्दाम म्हणाला, "तुमीच ऐका वो. अक्काला नगं." आनंदानं स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले, आणि आपण पुन्हा आपल्या जागेवर बसलो असं त्याला वाटलं. कुसुमला पेरू देणाऱ्या बाईंनी त्या आठवड्यात पेरू आणले नाहीत. हे त्यानं मोजलं होतं.

मग बाळाचार्यांची गाडी आली. तिचा आवाज चमत्कारिक होता. थंड इंजिनाला वरून यायचा, तापलं की खालून आल्यासारखा वाटायचा. आनंदानं दोनदा ऐकलं, चारदा ऐकलं. पट्टी काढून तेल तळहातावर घेतलं. चकाकी आहे असंही वाटलं, नाही असंही वाटलं. सगळं इंजिन उघडावं तर आठवडा मोडणार, न उघडावं तर हा म्हातारा रोज तीन गावं फिरणारा. दीपश्रीचा हात डोळ्यांसमोरून हलेना. दोन दिवस गाडी तशीच शेडमध्ये उभी राहिली. शेवटी बाळाचार्य देवळात गेलेले बघून तो गाडी ढकलत मागच्या दारी घेऊन गेला.

कुसुम भांडी घासत होती.

"जरा ऐक की," तो म्हणाला.

"मला काय कळतंय?"

"कुसुम, असं करू नगंस. ऐक एकडाव."

"मी सांगितलं की लोकांचे हात मोडत्यात," ती म्हणाली. रागानं नाही. राखेचा हात तिनं तव्यावर फिरवायचा थांबवला नाही. "लोक म्हणत्यात तसं. देवळात बायका माज्याकडं बगून गप बसत्यात. मी आता न्हाई ऐकत कुणाची गाडी. आवाज कानात आला तरी आत जाऊन बसते मी."

आनंदा गाडी धरून उभा राहिला. तिचा कान तिनं मिटून टाकला होता, त्याच्यासाठी. हेच तर त्याला हवं होतं दोन वर्षं. आता हवं ते मिळालं होतं आणि बाळाचार्यांच्या इंजिनात काय आहे हे केलगेरीत कुणालाच सांगता येत नव्हतं.

त्याच दुपारी त्यानं अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, दीपश्रीच्या इंजिनातला तो निळाकाळा रॉड वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माळमड्डीला गेला. मुकुंदरावांनी दार उघडलं. दीपश्री खुर्चीवर बसली होती, हात प्लॅस्टरमध्ये, बोटं सुजलेली. डाव्या हातानं ती चमच्यानं पोहे खात होती आणि निम्मे खाली सांडत होते.

आनंदा चटईवर बसला. रॉड पुढं ठेवला. "मास्तर, कुसुमनं खालचाच आवाज सांगितला होता. रॉड गेलाय, पोरीला गाडी देऊ नगासा म्हणाली होती. टॅपेट मी म्हणालो. पोरीलाबी मीच सांगितलं. त्या दिवशी ती तुमच्यापुढं खोटं बोलली, मला वाचवायला."

मुकुंदरावांचे डोळे भरून आले.

"आनंदा," ते म्हणाले, "चाळीस वर्षं मास्तरकी केली. दुसऱ्याची चूक अंगावर घेणारी पोरं मी ओळखतो. बायकोची बदनामी झाली ते तुम्हाला सोसवेना, होय ना?"

"तसं न्हाई मास्तर. खरंच सांगतोय."

"असा नवरा मिळायला भाग्य लागतं," मुकुंदराव दीपश्रीकडं वळून म्हणाले. "बघ."

"अक्कांना सांगा, मी त्यांच्यावर रागावले नाही," दीपश्री म्हणाली. "माणूस आहे, चुकतं कधीतरी. पण मेस्त्री, यापुढं माझी गाडी तुम्हीच बघायची हं."

आनंदानं पुन्हा सांगितलं. रॉड हातात घेऊन दाखवला. जितकं सांगावं तितका तो त्यांच्या नजरेत मोठा होत चालला. एक गोष्ट सांगितली असती तर त्यांना पटलं असतं: की मी पट्टी काढली होती, चकाकी बघितली होती आणि तरी टॅपेट म्हणालो. ती जिभेवर आली होती. दीपश्रीची सुजलेली बोटं समोर होती. त्यानं ती गोष्ट गिळली. मुकुंदरावांनी त्याला चहा दिला, आणि जाताना बन्नीची वाळकी पानं त्याच्या हातात ठेवली. "त्या दिवशी घेतली नाहीत," ते म्हणाले, "मनात ठेवू नका."

तो घरी आला तेव्हा दिवे लागले होते. कुसुम परातीत पीठ मळत होती. तो उंबऱ्यावर बसला.

"मुकुंदमास्तरांकडं गेलो हुतो," तो म्हणाला. "सांगितलं. तू बरोबर हुतीस म्हणून सांगितलं."

तिचे हात थांबले. "मग?"

"त्यांना पटलं न्हाई. मी तुला वाचवाय आलोय असं वाटलं त्यांना. चहा दिला."

कुसुम हसली. खूप दिवसांनी हसली, आणि तिच्या हसण्यात माया होती, हेच त्याला सोसलं नाही. "जाऊ द्या की," ती म्हणाली. "त्यांना पटंना तर पटंना. तुमाला तरी कुठं पटलं हुतं त्या दिवशी?"

"पटलं हुतं," आनंदा म्हणाला.

ती बघत राहिली.

"तू आत गेल्यावर मी फुंकणी लावून ऐकलं. पट्टी काढून तेल बगितलं. चकाकी हुती. सगळं कळलं हुतं मला." तो थांबला. "पोरगी आल्याआल्या तुला इचारत हुती. तुलाच. म्हणून."

बाहेर एक स्कूटर चढावरून खाली गेली. कुसुमनं हातातला गोळा परातीत ठेवला. बोटांना चिकटलेलं पीठ ती एकेक करून काढू लागली.

"चूक झाली तुमची म्हणून मी अंगावर घेतली," ती म्हणाली. "चूक न्हवतीच ती."